दाताच्या मुळातील रोग व त्यावरील उपचार

कोल्हापूरच्या गुळासारखे गोड पदार्थ दातांस चिकटून राहिले, म्हणजे तोंडातील जंतू त्यांपासून आम्ल निर्माण करतात व दातास कीड लागते. ती मज्जातंतू व रक्तवाहिन्या असलेल्या आतील गाभ्यापर्यंत पोहोचली, की ठणका सुरू होतो. गाभा मृत झाल्यावर ठणका थांबतो. परंतु रोग बरा झाला असे मात्र नव्हे. मृत गाभ्यात रक्ताभिसरण नसल्याने पोटातून घेतलेले औषध तेथे पोहोचत नाही, व मुळाच्या टोकाशी हाड झिजू लागते. १९६५ साली अमेरिकेत जंतुविरहित उंदरांवर झालेल्या प्रयोगांत उघडा पडलेला गाभाही जिवंत राहिला. यावरून जंतू हेच मूळ कारण असल्याचे स्पष्ट झाले. म्हणून गाभा काढून, मुळातील नलिका निर्जंतुक करून त्या गटापर्चा या रबरसदृश पदार्थाने भरतात. हाच ‘रूट कॅनाल’ उपचार होय.