झुरळ जे मागे ठेवते

जगात झुरळांच्या साडेचार हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक रानावनात, पालापाचोळ्याखाली राहतात आणि माणसाच्या वाटेला कधी जात नाहीत. घराशी संबंध येतो तो फार तर तीसेक जातींचा. आपल्याकडच्या घरांत मुख्यतः दोन आढळतात. पहिले तांबूस तपकिरी, दीड इंचाच्या आसपास लांब, रात्री मोरीच्या जाळीतून वर येणारे. त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात. दुसरे जेमतेम अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभे पट्टे असलेले. हे जर्मन झुरळ. १७६७ साली लिनिअसने त्याला जर्मनीवरून नाव दिले खरे, पण २०२४ मध्ये १७ देशांतल्या झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे मूळ आपल्याच बाजूला सापडले. सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून ही जात वेगळी झाली आणि माणसाच्या सामानाबरोबर जगभर गेली. आज ती माणसाच्या वस्तीबाहेर जवळजवळ आढळतच नाही.

या दोघांपासूनचा धोका सारखा नसतो. मोठे झुरळ गटार, शौचालयाचे पाइप आणि कचरापेटी यांतून फिरून ओट्यावर येते, त्यामुळे ते घाण वाहून आणते. लहान झुरळ जन्मापासून मरेपर्यंत घरातच असते: फ्रिजच्या मोटारीमागे, मिक्सरच्या बुडाशी, ट्रॉलीच्या बिजागरीत, गॅसच्या शेगडीखाली. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात येईपर्यंत पोटाशी घेऊन हिंडते आणि त्या पिल्लांची दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी तयार होते. झुरळे निशाचर असल्याने दिवसा दोन-चार दिसू लागली, तर फटींमध्ये त्यांची संख्या बरीच वाढली आहे असे समजावे.

झुरळांच्या पायांवर आणि आतड्यात साल्मोनेला, शिगेला, ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस हे जिवाणू सापडले आहेत. आमांशाच्या अमीबाच्या पुट्या आणि जंतांची अंडीही सापडली आहेत. झुरळ खाता खाता थोडे अन्न ओकते आणि तिथेच विष्ठा टाकते, म्हणून उघड्या भाकरीवर किंवा कापून ठेवलेल्या फळावर ते चालून गेले एवढ्यानेही जंतू पोचू शकतात. मात्र डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी जसा वाढतो, तसे इथे काही घडत नाही. झुरळ केवळ वाहक असते, आणि अमुक माणसाचे जुलाब झुरळामुळेच झाले हे सिद्ध करणे अवघड असते. तरीही ब्रसेल्समधल्या लहान मुलांच्या रुग्णालयातला, १९५० साली प्रसिद्ध झालेला एक अनुभव बोलका आहे. तिथे आजारी बाळांना वेगळे ठेवूनही साल्मोनेलाची साथ हटेना. रात्री पाहणी केली तेव्हा पांघरुणांवरून झुरळे फिरताना दिसली, आणि त्यांचा बंदोबस्त केल्यावर साथ थांबली.

जंतूंची भीती लोकांना असते. त्याहून अधिक नुकसान करणारी गोष्ट मात्र बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि ती म्हणजे दमा. झुरळाची लाळ, विष्ठा, टाकलेली कात आणि मेलेल्या शरीराचा भुगा यांत काही प्रथिने असतात. ती सुकून धुळीत मिसळतात. काही माणसांचे शरीर या प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज, अंगावर पित्त उठणे, आणि दम्याची प्रवृत्ती असेल तर धाप. मांजराच्या ॲलर्जीचे कण हलके असल्याने तासन्‌तास हवेत तरंगतात. झुरळाचे कण तुलनेने जड असतात. ते खाली बसतात आणि केर काढताना, गादी झटकताना किंवा मुले जमिनीवर खेळताना पुन्हा उडतात. रांगणारे मूल त्यांच्या सर्वांत जवळ असते.

झुरळांच्या ॲलर्जीची पहिली शास्त्रीय नोंद १९६४ साली अमेरिकेत झाली. तिचे गांभीर्य लक्षात यायला १९९७ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतल्या आठ महानगरांच्या गरीब वस्त्यांमधील ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि निम्म्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीतली धूळ या प्रथिनांनी भरलेली होती. ज्यांना ॲलर्जीही होती आणि खोलीत प्रथिनांचे प्रमाणही जास्त होते, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याची वेळ इतर मुलांच्या तिपटीहून अधिक वेळा आली. ती मुले शाळेलाही जास्त मुकली, त्यांच्या रात्रीही जास्त जागरणात गेल्या. दाट वस्ती, ओल, सामायिक भिंती आणि पाइप हे सगळे मुंबई-पुण्यातल्या चाळींना आणि वस्त्यांनाही लागू आहे, म्हणून हा निष्कर्ष परका मानता येत नाही. मुलाचा खोकला रात्री वाढत असेल, वर्षभर सर्दी हटत नसेल, तर डॉक्टरांना घरातल्या झुरळांबद्दल आवर्जून सांगावे. त्वचेवरच्या चाचणीत ही ॲलर्जी कळू शकते. त्या चाचणीत कधी कधी एक वेगळाच धागा दिसतो: झुरळाच्या स्नायूंतले एक प्रथिन कोळंबी आणि खेकड्यातल्या प्रथिनाशी मिळतेजुळते असल्याने काहींची चाचणी दोन्हींसाठी सकारात्मक येते. मासळी खाऊन आजवर त्रास झाला नसेल, तर केवळ चाचणीवरून ती सोडू नये. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

झुरळ झोपलेल्या माणसाला चावल्याच्या नोंदी आहेत, पण तो प्रकार दुर्मीळ. कानात शिरण्याचा त्याहून परिचित. अशा वेळी चिमटा किंवा काडी घालू नये. पडद्याला भोक नाही याची खात्री असेल तर कोमट तेलाचे थेंब टाकल्यास किडा मरतो, आणि मग तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्यावा.

बंदोबस्ताच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक फवारणीची आहे. दिसलेले झुरळ फवाऱ्याने मरते, फटींतली शेकडो तशीच राहतात, आणि औषधाचा वास दमेकऱ्याचा त्रास वाढवू शकतो. शिवाय जर्मन झुरळांत औषधांना न जुमानण्याची क्षमता फार लवकर येते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१९ मधल्या प्रयोगांत एकाच पिढीत ती वाढलेली आढळली. गोड आमिषालाही काही झुरळे टाळतात, कारण त्यांना ग्लुकोज कडू लागू लागले आहे. इतके असूनही जेलचे आमिष हाच घरगुती वापरातला सर्वांत चांगला उपाय आहे. बिजागऱ्या, सिंकखालचे कोपरे, फ्रिजची मागची बाजू अशा ठिकाणी त्याचे बारीक ठिपके लावावेत आणि त्यांच्या आसपास फवारा मारू नये, नाहीतर झुरळे तिकडे फिरकत नाहीत. न्यू ऑर्लिन्समध्ये दमेकरी मुलांच्या घरांत केवळ असे आमिष ठेवून पाहिले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झुरळे तर घटलीच, मुलांचे त्रासाचे दिवसही कमी झाले. कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून केलेल्या जुन्या गोळ्याही चालतात. फक्त बोरिक पावडर विषारी असल्याने त्या लहान मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती लागता कामा नयेत. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात किडे मारण्यासाठी कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो.

आमिष चालायचे तर झुरळाला दुसरे काही मिळता कामा नये. जर्मन झुरळ अन्नाशिवाय महिनाभर तग धरते, पाण्याशिवाय मात्र त्याचा निभाव दोन आठवड्यांपलीकडे लागत नाही. म्हणून गळका नळ, सिंकमध्ये भिजत टाकलेली खरकटी भांडी आणि फ्रिजखालचे पाण्याचे तबक यांकडे आधी पाहावे. निजण्यापूर्वी ओटा कोरडा करावा. किराण्याचे खोके आणि रद्दी साठवू नये, कारण अंड्यांच्या पिशव्या त्यांतूनही घरात येतात. मोरीला बारीक जाळी बसवावी, पाइपाभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. इमारतीत एकाच घराने उपाय केला तर झुरळे डक्टमधून शेजाऱ्याकडे जातात आणि परत येतात, तेव्हा एका पाइपवरच्या सगळ्या घरांनी एकाच वेळी उपाय करावा.

झुरळे संपल्यावरही त्यांची प्रथिने धुळीत कित्येक महिने राहतात. कपाटांमागचा भाग, ट्रॉल्या आणि फ्रिजची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसावी, चादरी आणि उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसावी. दमेकरी मुलाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावे. त्रास हळूहळूच उतरतो, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.