आंबोलीचा धबधबा आणि संथ शटर

धबधबा रेशमी दिसावा म्हणून अनेकजण शटर थेट १० सेकंदांवर नेतात. मला ते पटत नाही. पाण्याचा पोत हरवतो आणि नुसता पांढरा पट्टा उरतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात पाणी जोरात कोसळत असताना पाव ते अर्धा सेकंद पुरे. धारा सुट्या दिसतात, वेगही जाणवतो.

आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर. पोलरायझर मात्र हवाच! ओल्या कातळाची चकाकी जाते, शेवाळाचा हिरवा रंग काय खुलतो! शिवाय तो थोडा उजेडही अडवतो, त्यामुळे दाट ढगांत वेगळा फिल्टर बहुधा लागत नाही. ऊन पडलंच तर ६ स्टॉपचा एनडी लावा, १/६०चं शटर साधारण १ सेकंदावर येतं. लेन्सवर तुषार बसतातच, दर फोटोआधी काच पुसा.