सामूहिक आज्ञावली-विकासातील पॅकेज-आवृत्त्या आणि पूर्वनिर्धारित मांडणी : एक विवेचन

प्रस्तावना :
आजची कोणतीही मोठी आज्ञावली एका व्यक्तीने आरंभापासून अखेरपर्यंत लिहिलेली नसते. इतरांनी जाहीर केलेल्या लहान-मोठ्या पॅकेजेसच्या आधारे ती उभी राहते. त्या पॅकेजेसनाही आणखी पॅकेजेसचा आधार असतो. अशा वेळी एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्या सर्वांच्या संगणकांवर नेमक्या कोणत्या आवृत्त्या असाव्यात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात जावास्क्रिप्ट भाषेच्या 'एनपीएम' या पॅकेज-व्यवस्थेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

आवृत्ती-क्रमांकाचा संकेत :
'सिमँटिक व्हर्जनिंग' या संकेतानुसार आवृत्तीचा क्रमांक तीन अंकांचा असतो. जुन्या वापराशी विसंगत बदल झाल्यास पहिला, सुसंगत भर पडल्यास दुसरा आणि केवळ दोषदुरुस्ती झाल्यास तिसरा अंक वाढतो. मात्र हा संकेत आहे, हमी नव्हे. त्याचे पालन पॅकेजकर्त्याच्या विवेकावर अवलंबून असते.

पूर्वनिर्धारित मांडणीचा परिणाम :
प्रकल्पात नवे पॅकेज जोडताना एनपीएम त्याच्या क्रमांकापूर्वी आपणहून '^' हे चिन्ह नोंदवते. '^१.४.२' या नोंदीचा अर्थ १.४.२ किंवा त्यापुढील, परंतु २.०.० पेक्षा कमी अशी कोणतीही आवृत्ती चालेल, असा होतो. त्यामुळे केवळ या नोंदीवर विसंबून सोमवारी आणि शुक्रवारी प्रकल्प उभारणाऱ्या दोन सहकाऱ्यांना भिन्न आवृत्त्या मिळू शकतात. हा निर्णय दोघांपैकी कोणीही जाणीवपूर्वक घेतलेला नसतो. तो मांडणीने त्यांच्या वतीने घेतलेला असतो.

दोन घटना :
मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज, नावाच्या एका वादातून, त्याच्या कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतले. परिणामी त्यावर थेट वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची उभारणी थांबली. येथे नेमकी आवृत्ती नोंदवूनही उपयोग नव्हता, कारण ती आवृत्तीच भांडारात उरली नव्हती. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

२०१८ ची घटना निराळी होती. 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजची देखभाल मूळ कर्त्याने मदतीस पुढे आलेल्या एका अपरिचिताकडे सोपवली. सप्टेंबरमध्ये ३.३.६ या आवृत्तीत 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाचे नवे पॅकेज जोडले गेले. त्याची पहिली आवृत्ती निरुपद्रवी होती. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ०.१.१ मध्ये मात्र 'कोपे' या बिटकॉइन-पाकिटातील गुप्त किल्ल्या चोरणारी आज्ञावली दडवलेली होती. केवळ तिसरा अंक वाढलेला असल्याने ती '^' च्या कक्षेत बसली आणि दोषदुरुस्तीच्या रूपाने निमूटपणे प्रकल्पांत शिरली. हा प्रकार नोव्हेंबरमध्ये उघडकीस आला.

उपाययोजना :
मे २०१७ मध्ये आलेल्या एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून 'पॅकेज-लॉक' ही फाइल आपोआप तयार होते. तीत थेट व अप्रत्यक्ष अशा सर्व पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या आणि त्यांच्या आशयाचे पडताळणी-ठसे असतात. परंतु ती प्रकल्पाच्या सामाईक भांडारात ठेवली तरच सर्वांना तिचा लाभ होतो. २०१८ मध्ये आलेली 'एनपीएम सीआय' ही आज्ञा या फाइलनुसारच उभारणी करते आणि मुख्य नोंदीशी विसंगती आढळल्यास थांबते. म्हणून स्वयंचलित उभारणीसाठी ती योग्य ठरते. '^' ऐवजी नेमका क्रमांक नोंदवावयाचा असल्यास तशी मांडणीही प्रकल्पाच्या 'एनपीएमआरसी' फाइलमध्ये सर्वांसाठी एकदाच करता येते.

तथापि आवृत्त्या कायमच्या गोठवणे हाही उपाय नव्हे. तसे केल्यास सुरक्षाविषयक दुरुस्त्याही दाराबाहेर राहतात. आवृत्ती बदलावी, परंतु तो बदल लॉक-फाइलमधील फरकाच्या रूपाने सहकाऱ्यांसमोर यावा, तपासला जावा आणि मगच स्वीकारला जावा.

निष्कर्ष :
पूर्वनिर्धारित मांडणी तटस्थ नसते. इव्हेंट-स्ट्रीमचा वापर करणाऱ्यांनी फ्लॅटमॅप-स्ट्रीमची निवड कधीच केली नव्हती, तरी त्याचा धोका त्यांच्या ग्राहकांच्या पाकिटापर्यंत पोहोचला. आवृत्त्यांची नोंद हे म्हणूनच केवळ तांत्रिक काम नसून परस्परविश्वासाचा लेखी पुरावा आहे. तो जपणे ही संपूर्ण गटाची सामाईक जबाबदारी ठरते.