ओहोटीची वाळू आणि मोटारी

मुंबई-गोवा महामार्गावर इन्सुलीच्या नाक्यापाशी मद्याच्या चोरट्या वाहतुकीसाठी वाहने तपासली जातात. तेथून वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्याकडे वळणाऱ्या पर्यटकास समुद्राची वेळ मात्र कोणी सांगत नाही. ओहोटीने उघडी पडलेली वाळू पाहून तो मोटार थेट पाण्यापाशी नेतो. वरून घट्ट भासणारी ती ओली वाळू खचते आणि चाक फिरवावे तितके रुतते. दापोली, अलिबागकडे अशा मोटारी भरतीत सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात.

किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा-अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी सहा तासांनी, नेमकी सूर्यास्ताच्या सुमारास. उधाणामुळे त्याच संध्याकाळी वाळू सर्वांत रुंद, आणि त्याच रात्री पाणी सर्वांत वर. अलिबागचे घोडागाडीवाले कुलाबा किल्ल्याकडे वेळ पाहूनच निघतात; घोडा त्यांचा स्वतःचा असतो!

पर्यटकाची बचत शंभर पावलांची. गाडी ओढून काढण्याचा भार गावकऱ्यांच्या ट्रॅक्टरवर व दोरखंडांवर. पलीकडे गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे. इन्सुलीच्या नाक्यावर रोजच्या भरती-ओहोटीचा फलक लावण्यास तर कायदाही लागत नाही.