रिबन लेकीची, टाका आईचा

सहा मीटर लांब सॅटिनची रिबन आणि ती पेलायला हातभराची काडी. मनगट क्षणभर थांबलं की रिबनचा जीव जातो: तिला गाठ पडते, शेपूट जमिनीवर लोळतं, गुण कापले जातात. लहान मुलींची रिबन आखूड असते, पण मोह तोच. हाताच्या एका झटक्यात हवेत वेटोळी उमटतात आणि ती आपण काढलेली असतात. धावण्यात किंवा उडीत असं सुख मिळायला महिने लागतात. इथे ते पहिल्याच दिवशी हाती येतं. रिदमिक जिम्नॅस्टिक्सकडे मुली वळतात त्याचं मूळ मला इथे दिसतं.

आईची ओढ वेगळी. 1930च्या दशकात लेनिनग्राडमध्ये हा खेळ घडला तोच बॅलेच्या सहवासात. 1984 साली तो ऑलिंपिकमध्ये आला आणि तिथे तो आजही फक्त मुलींचा आहे. तेरा मीटरचा चौरस, एकटीचा दीड मिनिटाचा डाव, संगीत, चमचमता लिओटार्ड, घट्ट अंबाडा. लिओटार्डवर खडे चिकटवायचे, केसांना जाळी लावायची, टाका उसवला तर जागीच घालायचा, ही कामं बहुतेकदा आईच्याच वाट्याला येतात. लेकीच्या खेळात आईच्या हाताला इतकी जागा क्वचितच मिळते. कबड्डीत ती रेषेबाहेर उभी असते. शिवाय मुलीला नाचाला घालायचं की खेळाला, हा घरातला वादही इथे आपोआप मिटतो.

ठाण्यात या ओढीला आपल्याच माणसांचा आधार मिळाला. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत खेळलेल्या पूजा सुर्वे पुढे ठाण्यात प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या तालमीतल्या संयुक्ता काळेने 2022 साली पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं जिंकली: हूप, बॉल, क्लब्ज, रिबन आणि या चारही साधनांची एकत्रित स्पर्धा. शेजारच्या गल्लीतली मुलगी जिंकते तेव्हा आयांना हा खेळ टीव्हीवरच्या रशियन मुलींपुरता वाटत नाही.

पण या खेळात सडपातळ शरीराकडे फार बारकाईने पाहिलं जातं, आणि तिथे मला भीती वाटते. इटलीची जिम्नॅस्ट नीना कोराडिनी हिने ऑक्टोबर 2022 मध्ये राष्ट्रीय संघातल्या रोजच्या वजनतपासणीबद्दल आणि त्यातल्या अपमानाबद्दल जाहीरपणे सांगितलं. मग इतर मुलीही बोलू लागल्या आणि तिथल्या जिम्नॅस्टिक्स महासंघाला डेसियोतल्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षण केंद्रावर देखरेखीसाठी अधिकारी नेमावा लागला. वरिष्ठ गटात उतरायला वय सोळा लागतं. सराव मात्र पाच-सहाव्या वर्षी सुरू होतो. मधली वर्षं वाढीची, भुकेची, पाळी सुरू होण्याची. लिओटार्डचा खडा निखळला तर जिला लगेच दिसतो, त्या आईने सरावाला वजनकाटा कशासाठी ठेवलाय, मुलीच्या खाण्यावर कोण बोलतं आणि कोणत्या शब्दांत, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावं. पाळी लांबली तर सराव थांबवून डॉक्टर गाठावा, स्पर्धा तोंडावर असली तरी.