शंभर पत्त्यांचा जोड आणि समोरचे तिघे

पत्ते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच जोड उभा राहतो. मेंढीकोट असो, बदाम सात असो वा ब्रिज असो, ५२ पत्ते सर्वांचे असतात. ते पिसावयाचे, वाटावयाचे आणि दैवाने हाती जे येईल त्यावर डाव मांडावयाचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात पत्ते १२० असतात, पण तेथेही सर्व खेळाडूंत जोड एकच. मात्र ज्या खेळाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यात प्रत्येक जण आपला स्वतःचा जोड घरून घेऊन येतो. कोणता पत्ता घ्यावयाचा आणि कोणता वगळावयाचा, हे खेळास बसण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून या खेळाचा निम्मा डाव पाटावर नव्हे, तर आदल्या रात्री दिव्याखाली एकट्यानेच खेळला जातो.

खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तो बाजारात आणला. गारफील्डने प्रथम एक दुसराच खेळ त्या कंपनीपुढे ठेवला होता, पण तो छापणे खर्चाचे होते. मेळाव्यांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या फुरसतीत खेळता येईल, खिशात मावेल असे काही आहे का, अशी विचारणा झाली आणि त्यातून हा खेळ जन्मास आला. आज त्यातील निरनिराळ्या पत्त्यांची संख्या पंचवीस हजारांहून अधिक आहे.

मूळ खेळ दोघांचा. चौघांनी मिळून खेळावयाचा ‘कमांडर’ हा प्रकार कंपनीने नव्हे, खेळाडूंनीच निर्माण केला. अलास्कातील ॲडम स्टेली आणि त्याच्या मित्रमंडळींनी १९९० च्या दशकात त्याचा पाया घातला. पुढे शेल्डन मेनेरी या पंचाने त्याचा प्रसार केला. स्पर्धेच्या दिवशी काम आटोपल्यावर थकलेले पंच रात्री विरंगुळ्यासाठी तो खेळत. नियम थोडके आहेत. जोडात नेमके १०० पत्ते, त्यांपैकी एक सेनापती. उरलेल्या ९९ पत्त्यांत साध्या भूमीचे पत्ते सोडले तर कोणताही पत्ता दुसऱ्यांदा येता कामा नये. सेनापतीच्या रंगांबाहेरचा पत्ता वर्ज्य. प्रत्येकाला आयुष्याचे ४० गुण. शेवटी जो उरेल तो जिंकला.

हा प्रकार लोकप्रिय झालेला पाहून २०११ साली कंपनीने कमांडरचे पहिले पाच तयार जोड विकावयास काढले. २०१३ पासून दरवर्षी नवे जोड येत आहेत. पेटी उघडावी, पत्ते पिसावेत आणि खेळास बसावे, इतके ते सोयीचे आहेत. परंतु पाचसहा डाव झाले की त्या जोडाचे दोष दिसू लागतात आणि घरातील मुलांच्या तोंडी एकच विषय येतो: जोड सुधारावयाचा. येथून पुढे खिशाला चाट बसते. म्हणून हा विषय मुलांइतकाच आईवडिलांनीही समजून घ्यावा असा आहे.

उदाहरणादाखल २०२१ च्या फेब्रुवारीत निघालेला ‘एल्व्हन एम्पायर’ हा जोड घेऊ. रंग हिरवा आणि काळा. एल्फ म्हणजे युरोपीय लोककथांतले वनवासी, आणि त्यांची सेनानी लॅथ्रिल. ती चार मॅनांत मैदानात उतरते (मॅना म्हणजे भूमीच्या पत्त्यांतून मिळणारी शक्ती, पत्ता आडवा केला की ती हाती येते). लॅथ्रिलला अडवावयाचे तर प्रतिस्पर्ध्याला एकाच वेळी दोन जीव पुढे करावे लागतात. तिचा वार ज्या खेळाडूवर बसला, त्याचे जितके गुण गेले तितके नवे लहान एल्फ आपल्या बाजूला येतात. आणि तिची खरी करामत अशी, की ती स्वतः आडवी झाली आणि सोबत आणखी दहा एल्फ आडवे केले, तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे दहा गुण जातात आणि आपले दहा वाढतात. चार वेळा हे साधले की ४० गुणांचा हिशेब पुरा होतो.

आता सुधारणा. नवशिक्याच्या मनात प्रथम येतो तो एखादा महाभयंकर पत्ता, जो उतरताच समोरचे गारद होतील. थोडे अंकगणित मांडले की या मोहातला पोकळपणा कळतो. आरंभी सात पत्ते मिळतात आणि प्रत्येक पाळीला एक. म्हणजे आठव्या पाळीपर्यंत आपण ९९ पैकी १५ पत्ते पाहिलेले असतात. एखादा विशिष्ट पत्ता त्यांत असण्याचा संभव १५ टक्के. सहासात डावांत एकदाच तो दर्शन देणार. याउलट एकाच प्रकारचे काम करणारे दहा पत्ते जोडात असतील, तर त्यांपैकी निदान एक तरी आठव्या पाळीपर्यंत हाती येण्याचा संभव सुमारे ८२ टक्के. म्हणजे जोडाची ताकद एका पत्त्यात नसून पुनरुक्तीत असते. नियम पुनरुक्तीला बंदी करतो, म्हणून निराळ्या नावाचे पण त्याच कामाचे पत्ते शोधावयाचे. सुधारणेची सारी विद्या एवढ्यात आली, असे माझे मत आहे.

भूमीच्या पत्त्यांबाबत तर फारच घोळ होतो. हे पत्ते दिसावयास नीरस, म्हणून नवे पत्ते घालण्यासाठी पहिला वार त्यांच्यावर होतो. ९९ पैकी ३७ भूमी असतील, तर चौथ्या पाळीपर्यंत पाहिलेल्या ११ पत्त्यांत सरासरी चारांहून किंचित अधिक भूमी येतात, आणि लॅथ्रिल वेळेवर उतरते. त्या ३३ केल्या, तर ही सरासरी पावणेचारांच्या आत जाते. ऐकावयास फरक क्षुल्लक वाटेल, परंतु सेनापती डेऱ्यात बसून राहिलेला आणि हात पत्त्यांनी भरलेला, अशी दैन्यावस्था याच फरकातून उद्भवते. भूमीची संख्या कमी करू नये, दर्जा वाढवावा. तयार जोडांत मैदानात आडव्याच येणाऱ्या, म्हणजे एक पाळी वाया घालविणाऱ्या भूमी बऱ्याच असतात. त्यांच्या जागी या दोन रंगांसाठी वुडलँड सेमेटरी किंवा लानोवार वेस्ट्स घालावी. मुलांना हा खर्च रुक्ष वाटतो, पण सर्वांत सार्थकी लागतो तोच.

मग एल्फांकडे वळावे. एका मॅनात उतरून पुढच्या पाळीपासून स्वतःच एक मॅना देणारे लहान एल्फ, उदाहरणार्थ १९९३ पासून चालत आलेला लानोवार एल्व्ज आणि १९९५ चा फिन्डहॉर्न एल्व्ज, हे या जोडाचे कणा होत. ते किती आहेत हे मोजून कमी असतील तर भरावेत. १९९८ चा प्रीस्ट ऑफ टायटेनिया मैदानावरील प्रत्येक एल्फामागे एक मॅना देतो. थाउजंड-इयर एलिक्सर असेल, तर लॅथ्रिलला आपली करामत करण्यासाठी एक पाळी थांबावे लागत नाही. हात रिकामा होण्याची भीती असते, त्यासाठी स्कलक्लॅम्प. ही पकड लहान एल्फाला चढविली की तो बिचारा मरतो आणि त्याच्या बदल्यात आपल्याला दोन पत्ते मिळतात. २००४ साली हा पत्ता इतका शिरजोर झाला होता, की स्पर्धेच्या एका प्रमुख प्रकारात त्यावर बंदी घालावी लागली. कमांडरमध्ये मात्र तो चालतो. आणि सर्व जीवांचा एका फटक्यात संहार करणारा पत्ता समोरून आला, तर आपली सेना त्या पाळीपुरती अविनाशी करणारा हिरोइक इंटरव्हेन्शन जवळ असावा.

काय काढावे, हे अधिक अवघड. सहासात मॅनांचे, एल्फांशी नाते नसलेले पत्ते प्रथम पाहावेत. परंतु केवळ किंमत पाहून कात्री चालवू नये. या जोडातील वुल्व्हरीन रायडर्स सहा मॅनांचा आहे, म्हणून अनेकांचा हात प्रथम त्याच्याकडे जातो. पण त्यावरील मजकूर नीट वाचावा. तो आपल्याच पाळीला नव्हे, तर प्रत्येकाच्या पाळीच्या आरंभी एक एल्फ देतो. दोघांच्या खेळात फेरीला दोन, चौघांच्या खेळात फेरीला चार. तीन फेऱ्यांत लॅथ्रिलला लागणारे दहा पुरे होऊन दोन वर उरतात! दोघांच्या खेळासाठी लिहिलेले सल्ले येथे कामास येत नाहीत, ते यामुळेच.

याहून महत्त्वाची गोष्ट पत्त्यांवर छापलेली नसते. चौघांच्या खेळात आपल्याविरुद्ध तिघे असतात. आपला जोड दीडपट बलवान झाला, तर तिघे मिळून आपल्यावर चालून येतात, आणि तिघांपुढे दीडपट बळ पुरत नाही. दिवाळीच्या सुटीत आमच्या बडोद्याच्या घरी चार मावस-मामेभावंडांची बैठक जमते. गेल्या खेपेस थोरल्याने साठवलेल्या पैशांतून क्रेटरहूफ बेहेमथ हा आठ मॅनांचा राक्षस आणला. हा उतरला की मैदानातील यच्चयावत एल्फ एकाच पाळीपुरते हत्तीएवढे होतात आणि डाव तेथेच संपतो. पहिला डाव त्याने जिंकला. दुसऱ्या डावापासून त्याच्या बाजूला पाच एल्फ दिसले, की बाकीचे तिघे आपसांतली भांडणे सोडून त्याच्यावर तुटून पडू लागले. संध्याकाळपर्यंत तो एकही डाव पुरा खेळू शकला नाही. धाकटी मला म्हणाली, “मामा, दादाला सांग ना, जुनाच जोड आण म्हणावं. आम्हांला त्याला आधीच मारावं लागतं, आणि मग तो नुसता बघत बसतो.” त्या मुलीला पत्त्यांची किंमत ठाऊक नव्हती, पण तिघांच्या मनातले तिला अचूक कळले होते.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. १९९८ च्या ‘गायाज क्रेडल’ या भूमीतून आपल्या प्रत्येक जीवामागे एक मॅना मिळतो, म्हणजे एल्फांच्या जोडाला तो कल्पवृक्षच. पुन्हा न छापण्याचे वचन कंपनीने ज्या पत्त्यांविषयी दिले आहे त्यांत तो असल्यामुळे, त्या एका पत्त्याची किंमत शेकडो डॉलरांवर गेली आहे. अख्खा तयार जोड त्यापुढे किरकोळ ठरतो. पत्त्यात गुंतवलेला पैसा माणसाला किती आंधळा करतो, याचे दर्शन २०२४ च्या सप्टेंबरात घडले. कमांडरचे नियम सांभाळणारी समिती तेव्हा कंपनीबाहेरच्या, हौसेने काम करणाऱ्या मंडळींची होती. तिने २३ तारखेस मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आदी चार पत्त्यांवर बंदी घातली. काहींच्या संग्रहातील मौल्यवान पत्त्यांचे भाव कोसळले, आणि समितीच्या सभासदांवर धमक्यांचा वर्षाव झाला. आठवडाभरातच त्यांनी नियमांचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. थकल्या पंचांच्या विरंगुळ्यातून निघालेल्या खेळाची ही गत व्हावी, याचे वाईट वाटते. मेनेरी हे पाहावयास नव्हते. ते २०२३ मध्येच निवर्तले होते.

त्यानंतर, २०२५ च्या फेब्रुवारीत, कंपनीने जोडांच्या बळाच्या पाच पायऱ्या प्रसिद्ध केल्या. सर्वसाधारण तयार जोड तेव्हा दुसऱ्या पायरीवर ठेवला होता. सुधारलेला तिसऱ्यावर, आणि डावाचा रंग पालटणाऱ्या म्हणून जाहीर केलेल्या पत्त्यांपैकी तीनपर्यंत तेथे चालतात. गायाज क्रेडल त्या पहिल्या यादीत होता. या पायऱ्या काही कायदा नव्हेत. बसण्यापूर्वी चौघांनी एकमेकांना विचारावे, “तुझा जोड कितव्या पायरीचा?” एवढाच त्यांचा उपयोग, आणि तो पुष्कळ आहे.

म्हणून घरच्या बैठकीसाठी माझी सूचना अशी, की एका वेळी दहाच पत्ते बदलावेत आणि चौघांनीही बदलावेत. खर्चाची मर्यादा चौघांनी मिळून ठरवावी. नवा पत्ता विकत घेण्याआधी त्याचे नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी जुन्या पत्त्यावर ठेवून चारपाच डाव खेळून पाहावेत. घरच्या खेळाला कोणी पंच येत नाही. ज्या चिठ्ठीने आपले काम केले नाही ती फाडून टाकावी, पैसे वाचले. काढलेले पत्ते मात्र त्याच पेटीत मागच्या बाजूस ठेवावेत, देऊन टाकू नयेत. त्यांतले दोनतीन हटकून परत येतात. आमच्याकडे वुल्व्हरीन रायडर्स दोनदा बाहेर गेला आणि दोनदा आत आला. सध्या तो आत आहे, आणि धाकटीच्या जोडात आहे.