हिऱ्याचे आगर : वैरागड

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीहून वैरागडला निघालो तेव्हा सोबतचा तरुण म्हणाला, "कुणाचं तरी वैर होतं म्हणून वैरागड." गावात वेगळेच ऐकले. द्वापरयुगात वैरोचन नावाचा राजा इथे होता आणि त्यानेच गावाला नाव दिले, असे जुनी माणसे सांगतात. ही कथा ब्रिटिशकाळच्या गॅझेटियरातही आहे. पण या नावात वैर नाही, वैराग्य नाही आणि मुळात गडही नाही. या नावात हिरा आहे.

संस्कृतात हिऱ्याचे जुने नाव वज्र. इंद्राचे आयुधही वज्र आणि जो फुटत नाही तो दगडही वज्रच. ग्रीकांनी हाच गुण पाहून हिऱ्याला 'अदमास', म्हणजे अजिंक्य म्हटले. त्यातूनच अरबी-फारसीतला 'अल्मास' आला आणि इंग्रजीतला 'डायमंड'ही. आपण रोज म्हणतो तो 'हिरा' संस्कृत 'हीर'वरून आला आणि बाजारात तोच टिकला. वज्र मात्र आपल्याकडे वज्रमुठीत, वज्रलेपात आणि वज्रटिकेच्या दागिन्यात उरले.

बोलताना माणसाची जीभ अवघड अक्षरे झिजवते. वज्राचे पालीत 'वजिर' झाले, प्राकृतात मधला ज गळून 'वइर' झाले. राजकुलाचे राउळ झाले, त्याच वाटेने. आता दुसरा शब्द घ्या, 'आकर', म्हणजे खाण. त्यातला क मऊ होऊन 'आगर' झाला. मिठाचे आगर ते मिठागर, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तसेच वज्राचे आकर, म्हणजे हिऱ्याची खाण, ते वैरागर. पुढे इथे किल्ला उभा राहिला आणि शेवटच्या 'गर'चा 'गड' झाला. कान जे ओळखतो तेच ऐकतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. सुमारे इसवी सन १०७०च्या काळातले चोळ राजा कुलोत्तुंगाचे तमिळ शिलालेख सांगतात की त्याने 'वयिरागरम्' येथे हत्तींचे कळप पकडले आणि चक्रकोट्ट, म्हणजे आजच्या बस्तरच्या राजाकडून खंडणी घेतली. हे वयिरागरम् म्हणजे वैरागडच, असे अभ्यासक मानतात. चेन्नईच्या सराफाला आजही हिरा मागायचा तर 'वैरम्' म्हणावे लागते. आपण विसरलेला शब्द तमिळ माणसाच्या तोंडी जिवंत आहे आणि आपल्याकडे तो एका गावाच्या नावात झाकून राहिला आहे.

पुढचा साक्षीदार अबुल फजल. 'आइने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याबद्दल लिहिताना तो चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाचे सैन्य मोजतो. मग सांगतो की त्याच्या ताब्यातल्या 'बैरागढ'ला हिऱ्याची खाण आहे, तिथे नक्षीदार कापड विणले जाते आणि रानहत्ती पुष्कळ आहेत. खाण, कापड आणि हत्ती एकाच दमात! हत्तींचे म्हणाल तर २०२१ साली छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप पुन्हा गडचिरोलीच्या जंगलात आला. खाणी मात्र परत सुरू झाल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी पाहिले ते जांभ्यासारख्या भरड थरातले जुने खड्डे.

किल्ला खोब्रागडी आणि सतनाला या नद्यांच्या संगमाजवळ आहे. तटाभोवतीचा खंदक अजून ओळखू येतो. जवळच्या टेकडीवर भांडारेश्वराचे हेमाडपंती देऊळ आहे. तटाच्या सावलीत बसलो होतो, तेव्हा धानाच्या बांधावरून एक आजी आल्या आणि त्यांनी हसून विचारले, "हिरे पाहाले आलात का जी?" मी म्हटले, "नाही आजी, नाव पाहायला आलो."

ते त्यांना पटले की नाही कोण जाणे. पण मला ते नाव सापडलेल्या दगडापेक्षा मोलाचे वाटते. खाणीतला दगड एकाच्या हाती लागतो, नाव गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी असते.

१९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा गडचिरोली जिल्हा आपल्याला जंगलाच्या आणि चकमकींच्या बातम्यांतूनच ठाऊक आहे. म्हणून इथल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. स्थानिक इतिहासाचा तास असेल त्या दिवशी फळ्यावर आधी हे चार शब्द लिहा : वज्र, वइर, आकर, आगर. मग मुलांना वैरागडाच्या तटाकडे घेऊन जा.